एकास चार हजार

इथून अंबाझरी दीड मीटर.
टेबलावर हात फिरवला की पोचायचो,
मधे चहासुद्धा लागत नसे.
आज गांधीगेटापाशीच गुडघा विचारतो,
काऊन जी, आणखी किती?

जानेवारी. सकाळचे सात.
महालातल्या बोळी अजून कानटोपी घालून.
समोरून कोणी आलं की
दोघांतल्या एकानं पोट आत घ्यायचं,
हे मी कधी काढलं नाही.
रस्ता म्हणजे दोन समांतर रेघा,
तीन मीटरच्या आतला असेल तर एकच.

शुक्रवारी तलावाला मी निळी शाई दिली होती,
सरकारी बाटलीतली, पाणी घालून पातळ केलेली.
पाणी हिरवं निघालं.
पाळीवर एक म्हातारा कणकेच्या गोळ्या टाकतोय
एकेक, मोजून,
आणि मासे येताहेत, तेही मोजूनच.
मधल्या बेटावर बगळ्यांनी
एका अख्ख्या झाडाला चुना लावलाय.

कॉटन मार्केट. ओल्या कोथिंबिरीवर पाय घसरता घसरता वाचला.
धंतोलीत बंगल्यांचे दवाखाने झालेत;
आरामखुर्ची असायची त्या व्हरांड्यात
हातात फाईल धरून माणसं,
स्वतःचा नंबर पुन्हा पुन्हा वाचत.
मी दोन मिनिटं टेकलो.
नर्सनं मलाही विचारलं, कितवा?

आणि मग पूल.
कठड्यावरून वाकून बघितलं.

साल ब्याऐंशी. ठोसर साहेब माझ्या खांद्यामागे उभे.
सोरते, नदी काय लिहिता? वास येतो तिचा.
नाला लिहा.
साहेब, जागा तेवढीच लागते.
दोन्ही दोन अक्षरी.
मग अडचण काय?

अडचण काहीच नव्हती.
अर्ध्या ब्लेडनं हलकेच खरवडलं,
नखानं घासून गुळगुळीत केलं, वर लिहिलं.
माझं अक्षर ऑफिसात सगळ्यांत चांगलं.
प्रती निघताना यंत्रातून अमोनियाचा असा भपकारा यायचा
की डोळ्यांतून पाणी.
त्या यंत्राला कोणी नाला म्हटलं नाही.

ट्रेसिंगवर खरवडलेली जागा
उजेडात धरली की दिसते.
हे मला माहीत होतं.
साहेब उजेडात धरत नसत.

शंकरनगरच्या मागे एका कुंपणावर
चिखलाची रेघ आहे, माझ्या छातीइतकी उंच.
सप्टेंबरातल्या त्या रात्रीची.
एकसलग, कुठेही हात थरथरला नाही,
दाराशी आलं तिथं दारातून आत गेलेली.
तीनदा चुना मारला, मामा,
झाडांना पाणी घालणाऱ्या निनावे बाई सांगतात,
वाळला की परत वर येऊन राह्यली.
मी रेघेला बोट लावून बघितलं.
विचारावंसं वाटलं, प्रमाण काय धरलं?
बाई म्हणाल्या, बसा, चहा ठेवते.
बसलो.

अंबाझरीच्या पाळीवर पोचायला साडेदहा.
पांढरे बूट घातलेली माणसं
भराभर चालून, होती तिथंच परत येताहेत.
एक पोरगा गळाला कणीक लावत बसलेला.
उगम इथं नाही. तो पुढे, लाव्याच्या टेकड्यांत.
माझा कागद इथंच संपायचा;
पलीकडं समासात मी
उत्तरेचा बाण काढून ठेवला होता.

तसाच उभा राहिलो थोडा वेळ.
सांडव्याजवळ पाणी अजून स्वच्छ होतं,
तिला अजून कोणी काही म्हटलं नव्हतं.
मनात होतं ते बोललो नाही.
पोरगा गळाकडे बघत होता,
आवाज केला असता तर चिडला असता.

परतीला बस.
कुठून बसले?
नदीपासून, मी म्हटलं. मोठ्यानं.
कंडक्टरनं यंत्राची बटणं दोनदा दाबली.
नदी म्हणून स्टॉप नाही जी.
नाल्यापासून लिहू का?