सतरावी तार

शिन्चूत रात्री अडीचला वारा काचेवर डोकं आपटतो.
फंग शू-च्वान सिम्युलेशन पुन्हा चालवते.
बत्तीस तारा. एकतीस एकाच क्षणी
एकावरून शून्यावर.
सतरावी आधीपासूनच शून्यावर, गप्प.
तिला कुणी काही सांगितलेलंच नाही.

तरी पडद्यावर तिच्या सपाट रेषेला
टेंगूळ येतं, अर्ध्या नॅनोसेकंदाचं,
आणि पलीकडचं गेट ते 'एक' असं वाचतं.

कालपर्यंत मॉडेलमध्ये जमीन म्हणजे जमीन होती,
शून्य व्होल्ट, गृहीत धरलेली.
आज तिने पिनेचं इंडक्टन्स घातलं,
चार नॅनोहेन्री, केसाएवढी तार,
आणि भुईच उसळली.

धाकट्या मामाच्या लग्नात असंच.
कुणीतरी नवरीचं नाव घेतलं नि
अख्खं टेबल पेले उंचावून उभं राहिलं.
बहिरे ल्वो काका तेवढे बसून.
त्यांच्या कपातला चहा डुचमळला,
वाढणारीला वाटलं, मागतायत.
तिने काठोकाठ भरला.
ते हसले, प्यायले.
तहान नव्हती.

शू-च्वान तारांना मागेपुढे करते,
काही आत्ता, काही दोनशे पिकोसेकंद उशिरा.
टेंगूळ बसतं.
पुरतं नाही.
सतरावी अजून किंचित थरथरते,
कुणी विचारलंच तर
उत्तर द्यावं लागेल, अशी.