कळवू

चौकात पालिकेनं दोर बांधलेत.
पुन्ता अरेनासचा नोव्हेंबर म्हणजे वारा.
माणसं दोराला धरून रस्ता ओलांडतात
आणि टोप्या थेट सामुद्रधुनी.

मुलाखत मंगळवारी झाली. हा दुसरा शुक्रवार.

टेबलापलीकडे तिघं.
मधल्या बाईंच्या चष्म्याची दोरी निळी होती,
आडनाव आठवत नाही, दोरी आठवते.
रात्रपाळीचं विचारलं,
एकेचाळिशीतल्या गुडघ्यांचं आडून आडून विचारलं,
मग म्हणाल्या, तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा.

याचं उत्तर प्रिस्सिलानं पढवून ठेवलं होतं:
मी कामात फार जीव ओतते, हीच चूक. आणि किंचित हसायचं.
मी पोर्वेनीरचं सांगून बसले.
पहाटेचे चार, सहा खाटा, मी एकटी,
आणि एकासाठीच्या सिरिंजमध्ये भरलेलं दुसऱ्याचं औषध.
टोचायच्या आधी नाव वाचलं. पुन्हा वाचलं.
कुणाला काही झालं नाही,
पण तेव्हापासून मी प्रत्येक नाव ओठ हलवून वाचते,
साखरेच्या पुड्यावरचंसुद्धा.

बाईंनी काहीतरी लिहिलं.
ओळ नसावी, एखादा शब्दच असेल.
पेनाला टोपण लावलं.
“कळवू.”

पोटासाठी सध्या दोन घरं धरलीत.
दुपारी म्हातारे एलेउतेरियो, वय अठ्ठ्याऐंशी,
जन्मभर मेंढ्या कातरल्या,
आता घोट्यावरची जखम मार्चपासून मिटत नाही.
जरा कळ काढा, म्हणत मी पट्टी सोडवते.
ते दात आवळून विचारतात, आलं का काही?
नाही म्हटलं की मेंढ्यांकडे वळतात:
“मेंढीला ढुंगणावर बसवलं ना, की ती अंग सोडून देते.
बघणाऱ्याला वाटतं, काय शहाणी, वाट बघतेय.
कसली वाट! तिला उठता येत नसतं.”

फोन वाजतो. गॅसवाला.
फोन वाजतो. दान्कोच्या शाळेतून,
पुन्हा त्यानं कुणाला तरी ढकललंय.
फोन वाजतो आणि मी इतक्या आशेनं हॅलो म्हणते
की विमा विकणारा पोरगा क्षणभर गडबडतो,
आपलं वाक्य विसरतो.

रात्री साडेदहाला उजेड अजून पडद्यात अडकलेला.
नाडी पंधरा सेकंद मोजायची, चारनं गुणायची,
तशी मी त्या एका शब्दाला गुणत बसते.
कधी होय येतं, कधी नाही.
गप्प बसले असते तर.

आणि मग तो येतो, न बोलावता.
तोही पोर्वेनीरचा. ओला कोट, हातात टोपी.
आत त्याची बायको होती.
“डॉक्टर आले की कळवू,” मी म्हणाले,
म्हणजे थांबून नाही, चालता चालता,
आणि चहाला गेले.
पाव खाल्ला, लोणी लावून.
हसलेसुद्धा कशाला तरी.
परत आले तेव्हा तो त्याच फरशीवर उभा,
बुटांभोवती पाण्याचं छोटं तळं.
बसा ना, म्हटलं.
बसलो तर डोळा लागेल, म्हणाला,
नाव पुकारलेलं ऐकू येणार नाही.

त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं.

उद्या शनिवार. शनिवारी कुणी कळवत नाही.
तरी फोन चार्जिंगला लावलाय, आवाज पूर्ण ठेवून.
दाराच्या फटीतून वारा शीळ घालतो,
तिथं जुना टॉवेल कोंबते.
शनिवारी म्हाताऱ्यांकडे सकाळीच जायचं असतं.
परवा जखमेची कड गुलाबी दिसली होती,
गेल्या महिन्यात अंड्याएवढी होती, आता अंगठ्याच्या नखाएवढी.
खात्री नव्हती म्हणून बोलले नाही.
म्हातारे मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत होते.

उद्या सांगते त्यांना, गेल्या गेल्या,
कोट काढायच्या आधी.