चौदा नंबर

सकाळी साडेआठच्या सुमारास
टेकडीच्या उतारावरून गरम हवा वर सरकू लागते.
दिसत नाही ती. रेसियातोला ती कानशिलावर कळते,
आणि पाचेक मिनिटांत पहिलं गिधाड
कड्यावरून स्वतःला सोडून देतं.
पंख हलवत नाही. महिनाअखेरीच्या माणसासारखं
एक फडफडसुद्धा वाया घालवत नाही.

तिच्याकडे दुर्बीण, वॉकीटॉकी, घडीची खुर्ची
आणि रकाने आखलेली वही:
वेळ, जात, उंची, कुठून कुठे, शेरा.
समोर काजियादोच्या माळावर एकवीस पवनचक्क्या.
खालून पाहिलं तर पाती आळसावलेली वाटतात.
नसतात. टोकाशी त्यांचा वेग
नैरोबीच्या हमरस्त्यावरल्या कुठल्याही गाडीच्या दुपटीहून जास्त.
आणि गिधाड उडतं ते मान खाली घालून, जमीन वाचत.
आभाळात समोर बघायची वेळ
त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

"चौदा, थांबव."

कंट्रोल रूममधला म्वांझिया बटण दाबतो.
पहिल्या वर्षी विचारायचा, नक्की का?
मागच्या खेपेला करकोचा निघाला होता.
करकोच्यालाही मान असते, ती म्हणाली होती.
आता विचारत नाही.

बेचाळीस सेकंद.
ती आपल्या मा भाषेत मोजते, ओठ न हलवता.
पातं जड होतं, रेंगाळतं, थबकतं,
आणि ते मोठं तपकिरी अंग
थांबलेल्या लोखंडाजवळून निघून जातं,
कुणाचे उपकार झाले हे न कळता.

आपल्याकडे गिधाड म्हणजे शिवी.
तिचे वडील पार्सालोइ त्यांना टपालवाले म्हणायचे:
आभाळात घिरट्या दिसल्या की समजायचं,
कुणाचं तरी जनावर गेलं, आणि कुठल्या ओढ्यात.

वहीच्या शेवटच्या पानावर तिनं स्वतःसाठी मांडलेला हिशेब आहे.
पात्यांनी मारली: दोन.
विष घातलेल्या मांसानं: एकोणीस, एका सकाळी.
ते विष तिच्या चुलतभावानं ठेवलं होतं,
वासरू नेणाऱ्या सिंहासाठी.
आता वासरू गेलं की कंपनी पैसे देते
आणि तो विष आणत नाही.
त्यानं तसं सांगितलंय. ती विश्वास ठेवते, बहुतेक दिवस.

मंगळवारी पार्सालोइंची भुरी गाय
चौदा नंबरच्या पायथ्याशीच पडली. म्हातारी होती.
नियम सोपा आहे, तिनंच गावाला समजावलेला:
चक्क्यांखाली मेलेलं जनावर ठेवायचं नाही,
गिधाडं उतरायच्या आत उचलायचं.
तिनं वॉकीटॉकी तोंडाशी नेला,
वडील बघत होते,
आणि तिच्याच गायीची बातमी
तिनं "एक जनावर, प्रौढ, पायथा चौदा" अशी दिली.

पिकअप आली. दोराला हात घातला पोरांनी.
"ओढत नाही न्यायची," पार्सालोइ म्हणाले.
मग सहा जणांनी उचलली, दोनदा टेकवली,
आणि म्हातारा मागच्या फळीवर
तिच्या शिंगाला धरून बसला, बारा किलोमीटर, घळीपर्यंत.

तिथे ते थांबले. कुणी थांबायला सांगितलं नव्हतं.
आधी एक ठिपका. मग बावीस.
धक्काबुक्की, फिस्कारे, रक्तानं माखलेल्या माना,
सुंदर वगैरे काही नव्हतं.
संध्याकाळी घरी येऊन इतकंच बोलले,
"स्वच्छ केली त्यांनी."

घरात रॉकेलचा दिवा.
तारा डोक्यावरून जातात, शहराकडे;
खांब मोजले तर दारापासून तिसरा.
पुढच्या वर्षी, म्हणतात.

तिनं वही उघडली. शेऱ्याच्या रकान्यात
भुरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

बाहेर एकवीसच्या एकवीस फिरत होत्या.
रात्री वारा चांगला असतो.
रात्री वटवाघळं निघतात,
आणि घडीची खुर्ची
भिंतीला टेकून मिटलेली असते.