आत किती

लिलावात घेतलेली ॲम्ब्युलन्स.
उद्यमनगरात सहा महिने उभी होती.
कलगोंडानं ती आतून पार सोलली,
फळ्या मारल्या, शेगडीला ओटा केला,
निजायला बाक, बाकाखाली जोंधळ्याचे डबे.
सलाईनचा हूक तेवढा काढला नाही.
"असू दे," म्हणाला, "कंदील अडकवू."
पुढची अक्षरं खरवडली तरी
तिरक्या उन्हात अजून उलटी उमटतात.

दिवाळीचे पाहुणे गेले आणि आम्ही निघालो.
मुलगा म्हणाला, चांगला फ्लॅट सोडून?
सून काही बोलली नाही,
दोन स्वेटर दिले, एकाच मापाचे.

सामानगडावर गाडी चढली ती पहिल्या गिअरात, कण्हत.
वर जांभा, वाळलेलं गवत,
आणि जमिनीत उतरत जाणाऱ्या विहिरी.
पायऱ्या मोजत खाली जावं,
हंडा घेऊन वर येईतो मोजलेलं विसरावं.
थंडी दगडात मुरलेली. दिवसा ती दिसत नाही.
रात्री मात्र पत्र्यातून आत येते
आणि आम्हा दोघांच्या मधे झोपते.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला टकटक.
डोक्याला मफलर, हातात बॅटरी:
"आत किती?"
सातू नाईकवाडी.
पणज्याला म्हणे पगार होता याचा,
सूर्य बुडाला की गडावरची माणसं मोजायची,
मग दार लावायचं.
आता ना पगार ना दार.
मोजणी तेवढी राहिली.
"दोन," मी म्हटलं.
"आनि ह्ये कुत्रं?"
कुत्रं आमचं नव्हतं. त्यानं ते धरलं.

मग रोजच.
मारुतीच्या देवळातला पुजारी, एक.
शेळ्या चुकल्या म्हणून थांबलेली पोरगी, एक.
पुण्याची तंबू घेऊन आलेली पोरं, सात,
सकाळी त्यातलं एक तापानं फणफणलेलं,
आणि आमच्या गाडीला पुन्हा एकदा
तिचं जुनं काम आठवलं.

पौषात गडहिंग्लजच्या बाजारातून
संकेश्वरी मिरची आणली, पाच किलो,
टपावर वाळत घातली,
जिथं पूर्वी लाल दिवा गरगरायचा तिथंच.
खाली उसाच्या ट्रॉल्या रात्रभर,
त्यांची गाणी वर येईतो नुसता ठोका उरायचा.
गुऱ्हाळाचा वास मात्र सबंध यायचा,
धुक्याच्या आधी, चोरपावलानं.

कलगोंडाला हयातीचा दाखला द्यायचा होता.
पेन्शनवाल्यांना पुरावा लागतो, माणूस आहे म्हणून.
पहाटेच्या एस्टीनं कोल्हापूरला गेला,
दुपारी फोन: मशीन बोटं ओळखत नाही गं.
चाळीस वर्षं लेथवर घासलेली बोटं,
कुठली ओळखणार?
मुक्काम पडला.

त्या रात्री हुकाला कंदील, खाली मी एकटी.
या बाकाच्या जागी कोण कोण आडवं होतं,
कोण पोचलं, कोण नाही,
एवढ्या दिवसांत कधी मनात आलं नव्हतं.
टकटक.
"आत किती?"
"एक," मी म्हटलं, आणि आवाज माझाच मला बारीक वाटला.
सातूनं बॅटरी खाली केली. थोडा वेळ तसाच.
"म्या दोनच धरतो, वैनी.
खाली गेल्यालं मानूस वजा करायचं नसतं."
असं म्हणून गेला, कुत्रंही त्याच्यामागं.

मला मग झोप लागेना.
किती पिढ्यांची वजाबाकी याच्या घरानं
करायची ठेवली असेल?
बाहेर गवतावर दव पडत होतं,
खूप पावलं जपून टाकल्यासारखं.

कलगोंडा दुसऱ्या दिवशी आला,
डोळ्यांचा फोटो देऊन हयात ठरलेला,
येताना माझ्यासाठी खाजा.

शिवरात्रीला शेगडी नकोशी झाली.
गाडी चालू होईना; सातूनं, पुजाऱ्यानं ढकलली.
उतारावर इंजिन धरलं तेव्हा
आरशात पाहिलं:
रस्त्याच्या मधोमध उभा,
बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत.
कुठल्या आकड्यावर थांबला,
वळण आलं, दिसलं नाही.