उसनं

गोष्ट माझी नाही.
सेलूच्या आठवडी बाजारात
बांगड्या भरता भरता इसाक मणियार सांगायचा ती:
कोरडी बारव, राजाची धाकटी सून,
एकेक पायरी उतरायची, एकेक दागिना काढून ठेवायचा,
सातव्या पायरीला पाणी लागायचं
अन् पाणी वर, सून खाली.
ऐकताना बायांचे हात सैल पडायचे,
बांगडी अलगद सरकायची मनगटात.
त्यासाठीच सांगायचा म्हणे.

त्याला ती दिली जिंतूरकडच्या
जात्याला टाकी लावणाऱ्या एका बाईनं.
तिला कुणी, हे विचारायचं राहिलं.

मी राजाचा सरपंच केला,
सात पायऱ्यांच्या टँकरच्या सात खेपा.
परभणीला एकांकिका झाली.
परीक्षक म्हणाले, कथा स्वतंत्र आहे का?
म्हटलं, विरजण शेजारचं, दूध घरचं.
त्यांनी कागदावर काहीतरी खोडलं.

माझी सून वर येते.
घागर रिकामी, दागिने सगळे अंगावर,
काठावरच्यांना विचारते,
आता कुणाची पाळी?

इसाकमामू शेवटच्या रांगेत, पेटी मांडीवर.
"चांगली चोरलीस."
चोरली नाही मामू, बदलली.
"त्येच की."

पुढच्या बाजारी मुद्दाम गेलो.
पाचवी पायरी, सहावी, सातवी.
त्यानं तिला वर आणली!
माझंच वाक्य तिच्या तोंडी,
माझं नाव कुठंच नाही,
घागर मात्र त्यानं काठोकाठ भरलेली.

आता कुणाची पाळी,
एका बाईची मूठ आवळली,
बांगडी वाढली.
तिचे पैसे त्यानं घेतले नाहीत.