उठता बाजार

निघण्याआधी दोघांना पोटभर वरण-पोळी.
उपाशी पोर बाजारात नेलं
की त्याचे डोळेच खर्च करू लागतात.
हे मला कुणी शिकवलं नाही,
जिलबीच्या एका गाड्यापाशी शिकले.

पाच वाजून गेल्यावरच निघायचं.
अमळनेरचं ऊन तोवर बोरीच्या पुलावरून उतरलेलं असतं
आणि भाव त्याच्या मागोमाग, पायरी पायरीनं.
सकाळी साठला असलेली भरताची वांगी
दिवेलागणीला चाळीसवर येतात,
जरा मऊ पडलेली, देठाशी सुरकुतलेली.
भाजल्यावर कुणाला कळतं?

पाचशेची नोट माझ्या ब्लाउजात,
भाविकाच्या मुठीत यादी.
दुसरीत आहे. जोडाक्षराशी अडते.
"ज्वा... ज्वारी तीन किलो. मीठ. चहापत्ती छोटी.
आई, इथं काय खोडलंय?"
खोडलेलं वाचायचं नसतं, म्हटलं.
तरी तिनं वाचलंच :
शें-ग-दा-णे.

सुरतेहून ह्यांचे पैसे दहा तारखेला येतात.
आज चार.
चार आणि दहाच्या मधे जे काही असतं
ते मी मुगाच्या डाळीत पाणी वाढवून शिजवते.

मंगलबाई मिरच्यांच्या ढिगामागून ओरडते,
"ले वं माय, ले! दहाना वाटा!"
दोन वाटे घेते, कोथिंबीर वर मागून घेते,
तोवर लोकेश तिच्या पाटीतला टमाटा चावून मोकळा.
रस कोपरापर्यंत.
ती बघते, मी बघते.
"तोही तोल," मी म्हणते.
"उष्टं काय तोलानं वं?" म्हणत
ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळते.
ही माया होती की टोमणा
हे ठरवायला मला सवड मिळत नाही,
कारण लोकेश जागेवर नाही.

लसणाच्या रांगेत नाही.
प्लास्टिकच्या डब्यांपाशी नाही.
फुगेवाल्यापाशी तर आधीच पाहिलं.
भाविका यादी छातीशी धरून माझ्यामागे पळते,
पिशवीतली वांगी पोटरीवर आपटतात,
पाच रुपयांसाठी मघाशी किती घासाघीस केली मी,
तेवढ्या वेळात...

तो सापडतो पन्नालालशेठच्या दुकानात,
धान्याच्या मोठ्या काट्यावर मांडी घालून.
लाल आकडे लुकलुकतात :
अकरा किलो सातशे.
"आई, माझा भाव काय?"
दुकान हसतं.
शेठ चष्मा कपाळावर सरकवतात,
"दादरच्या भावानं लावू, का तुरीच्या?"
मीही हसते, हसावंच लागतं.
मागल्या महिन्यात अंगणवाडीच्या काट्यावर
तो अकरा किलो नऊशे होता.
दुकानात हे एकटीला मला माहीत.

"शेठ, शेंगदाणे टाका. अर्धा किलो."
म्हणजे मी पाव म्हणणार होते.
भाविका लगेच पेन्सिल काढते,
जिभेचं टोक दातांत धरते,
आणि एखाद्या मोठ्या बाईसारखी विचारते,
"मग आता काय खोडू?"

भांड्याचा साबण खोडला. राख आहे.
चहापत्ती खोडली नाही. खोडायला हवी होती.

परतताना पुलावर तो खांद्यावर झोपतो.
झोपलेलं पोर काट्यापेक्षा जड भरतं,
निदान आज तरी मी तसंच धरून चालते.
मुठीत त्याच्या अजून दोन दाणे, घामानं भिजलेले.
भाविका पुढं, दिसेल ती पाटी वाचत :
किराणा. भुसार. ठोक व चिल्लर.
एका पाटीपाशी थांबते, मागं वळते.
"आई, उ-धा-र म्हणजे काय गं?"
तिसरीत शिकवतात, म्हणते मी,
चल, पाय उचल.