मुक्कामी

रात्री साडेनऊला गाडी सत्रासेनला पोचते.
पुढे रस्ता नाही; म्हणजे आहे, एसटीचा नाही.
रमजान तडवी स्टिअरिंगला फडका बांधून आडवा होतो,
मी पैशांची बॅग उशाला घेतो,
आणि डोळा लागत नाही तेव्हा टॉर्च घेऊन
शाळेच्या कुंपणापलीकडच्या रुईकडे जातो.

कुठं बघायचं ते मला रेवलीनं शिकवलं.
पाचवीतली पावऱ्याची पोर, गुडघ्यावर खपली.
मी पानं उलटून उलटून दमलो होतो तेव्हा म्हणाली,
वर नको बघू, खाली बघ.
खालच्या पानावर मोहरीएवढी लेंडी दिसली
की तिच्या बरोब्बर वर कुणीतरी जेवतंय.
ओली असेल तर आत्ता जेवतंय.
वाळली असेल तर तू उशीर केला.

सापडली.
काळे, पांढरे, पिवळे पट्टे, खाटेच्या नवारीसारखे,
पाठीवर काळ्या दोऱ्यांच्या तीन जोड्या.
पानाला तोंड लावण्याआधी
तिनं मधली शीर कुरतडली
आणि थांबली.
दूध ठिबकून गेलं, पान मान टाकून लोंबलं,
मग कडेकडेनं खायला लागली.
रुईचा चीक डोळ्यात गेला तर आंधळा होशील,
असं आई सांगायची.
हिला कुणी सांगितलं असेल?

रद्द तिकिटांच्या मागे मी मोजणी लिहितो.
सोमवार : मोठ्या चार, बारक्या नऊ.
बुधवार : मोठ्या तीन. एक मेलेली,
अंगावर तांदळाच्या कणीसारखे कुणाचे तरी कोष.
हे लिहून मी बराच वेळ टॉर्च लावला नाही.

आश्विनातल्या एका पहाटे त्यातली एक
गाडीतच निघाली.
तेवीस नंबरच्या खिडकीवर, सामानाच्या रॅकखाली,
शेपटीनं चिकटलेली, डोकं खाली, आकड्यासारखी वाकडी.
झाडापासून गाडी वीस पावलं. माझी वीस.
रमजान म्हणाला, काढून टाकू?
मी म्हणालो, पाच वर्षांखालची आहे, तिकीट नाही.

दुपारच्या फेरीपर्यंत तिचे पट्टे गेले होते.
फिकट हिरवा थेंब, त्यावर सोन्याचे टिपके,
आणि खाली माणसं : कापसाच्या मजुरीवरून भांडणारी,
बाळाला पाजणारी, मोबाईलवर मोठ्यानं रडणारी.
रॅकवर कुणी गाठोडं ठेवायला गेलं
की मी ओरडायचो, पत्रा तुटलाय तिथला!
सहा दिवस मी एवढं एक खोटं
प्रत्येक थांब्यावर बोललो.
आगारात झाडणाऱ्या कस्तुराबाईला मात्र खरं सांगितलं.
तिनं झाडू उलटा धरून वर पाहिलं,
म्हणाली, माझी लेक नऊ महिने अशीच होती, न बोलता,
आणि पुढच्या सीटखाली झाडायला लागली.

काय ते मी विचारलं नाही.

सातव्या दिवशी थेंब काळपट झाला,
आतून नारिंगी दिसायला लागलं,
दुमडून ठेवलेल्या नोटेसारखं.
चोपड्याहून दहाची गाडी, गर्दी दारापर्यंत,
मशीनचा कागद दोनदा अडकला,
एका मास्तरांशी सुट्ट्यावरून वाद झाला.
लासूरला निम्मी गाडी उतरली
तेव्हा वर पाहिलं :
कांद्याच्या पापुद्र्यासारखं रिकामं काहीतरी
हलत होतं.

तेवीस नंबरवर वेडूआप्पा बसले होते,
कालच मोतीबिंदू काढलेला, एका डोळ्यावर पट्टी.
मी वाकून विचारलं, आप्पा, इथून काही गेलं?
व्हय, म्हणाले,
काहीतरी उडनं रे भो,
माले वाटनं तुन्हं तिकीट उडनं.

कुठं? कोणत्या बाजूला?
आप्पांनी उघड्या डोळ्यानं खिडकीबाहेर पाहिलं,
तिथं तुरीचं शेत होतं, एक म्हैस होती, खूप ऊन होतं.
मी दुसरी घंटी मारली नाही.
रमजाननं आरशातून बघितलं,
आणि त्यानंही गाडी सोडली नाही
अर्धा मिनिट.